मच्छिंद्रगड नीट छापायचा तर

तुळशीचं लग्न लागलं की मुरबाडच्या बाजारपेठेतल्या डीटीपीच्या दुकानांत वर्दळ वाढते. सरळगाव, धसई, टोकावडे, शिवळे अशा गावांतून माणसं येतात. कुणाच्या हातात वहीच्या पानावर लिहिलेला पत्रिकेचा मजकूर असतो, कुणाच्या मोबाइलमध्ये भावकीतल्या गेल्या वर्षीच्या पत्रिकेचा फोटो. या भागातल्या पत्रिकेत नावं भरपूर. वर कुलदैवत, मग वर-वधू आणि त्यांचे आईवडील, हळदी समारंभ, मुहूर्त, स्थळ. खाली निमंत्रक, मामा, काका, आत्या, समस्त भावकी आणि मित्रमंडळ. साठ-सत्तर नावं सहज होतात. प्रूफ हातात आलं की घरातलं वडीलधारं माणूस ते जरा लांब धरून पाहतं आणि म्हणतं, "दादा, नावं थोडी मोठी करा. आमच्या आजीला वाचता आली पाहिजेत."

आता ऑपरेटरपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे माउसने एकेक ओळ सिलेक्ट करायची, अकराचे बारा पॉइंट करायचे आणि पुढच्या ओळीकडे जायचं. साठ नावं, साठ वेळा. त्यात दोन-तीन नावं हमखास निसटतात, आणि छापून आलेल्या पत्रिकेत नेमकी ती मामाकडची निघतात. दुसरी वाट अशी : 'नावं' या नावाची स्टाइल उघडायची, अकराच्या जागी बारा लिहायचं आणि ओके म्हणायचं. सगळी नावं एकाच वेळी मोठी होतात, एकही मागे राहत नाही.

पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल म्हणतात ती ही. फॉन्ट, आकार, जाडी, रंग, दोन ओळींमधलं अंतर, परिच्छेदाआधीची मोकळी जागा, मजकूर डावीकडे लागलेला की मधोमध, या सगळ्या निर्णयांची मोट बांधून तिला दिलेलं एक नाव. त्या नावाचा शिक्का ज्या ज्या परिच्छेदावर मारला, तो तो परिच्छेद त्या नावाशी जोडलेला राहतो. रूप बदलायचं असेल तेव्हा परिच्छेदांना हात लावायचाच नाही. नावामागची व्याख्या बदलायची.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करून द्यायचा : हे शीर्षक अमुक पॉइंट ब्लॅक, हा मजकूर पायका व्हाइट. पायका म्हणजे बारा पॉइंट, ब्लॅक म्हणजे ठळक. जुळारी त्या खुणेप्रमाणे त्या त्या केसमधून खिळे उचलून स्टिकमध्ये लावायचा. खुणांची पद्धत छापखान्यात ठरलेली असली, की तीनशे पानांच्या पुस्तकात पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक सारखंच दिसायचं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं आजही डोळ्यांत भरतात ती सुबक टाइपामुळे आणि या सारखेपणामुळे. फरक एवढाच, की निर्णय बदलला तर जुळाऱ्याला सगळे खिळे काढून पुन्हा लावावे लागायचे.

टेबलावरच्या संगणकावर पान जुळवण्याचं काम रुळलं ते १९८५ पासून. आल्डस कंपनीने मॅकिंटॉशसाठी पेजमेकर बाजारात आणला, त्याच वर्षी ॲपलचा लेझर प्रिंटर आला आणि टेबलावर बसून पान जुळवणं शक्य झालं. कंपनीचं नाव व्हेनिसचा पंधराव्या शतकातला थोर मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्यावरून घेतलेलं होतं. १९९४ मध्ये अडोबीने आल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन आणलं आणि २००१ मधल्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकर पुढे वाढवणं थांबवलं. महाराष्ट्रातल्या लहान गावांत मात्र तो त्यानंतरही वर्षानुवर्षं चालत राहिला, कारण एका पिढीचे हात त्यावर बसलेले होते आणि जुन्या कामाच्या फाइली त्यातच होत्या.

पेजमेकरमध्येही स्टाइलची यादी होती. कंट्रोल आणि बी दाबलं की ती समोर यायची. बॉडी टेक्स्ट, कॅप्शन, हेडलाइन, सबहेड अशा तयार स्टाइल्स त्यात असायच्या. तरीही अनेक दुकानांत ती यादी कधी उघडलीच गेली नाही. ऑपरेटर शिकला तो शेजारी बसून. आधी सिलेक्ट, मग फॉन्ट, मग साइज, मग बोल्ड, अशी हाताची सवय लागली. एका पानाच्या हँडबिलाला ती पुरते. शंभर पानांच्या स्मरणिकेला पुरत नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची शहाण्णव पानांची स्मरणिका घ्या. मनोगतं, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, शिक्षकांची यादी, फोटोओळी, देणगीदारांचे तक्ते. काम सुरू करण्याआधी कागदावर एवढंच लिहायचं की या पुस्तकात मजकुराचे प्रकार किती आहेत : लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव, पहिला परिच्छेद, पुढचे परिच्छेद, उपशीर्षक, फोटोओळ, तक्त्यातला मजकूर. सात प्रकार, सात स्टाइल्स. 'चौदा बोल्ड लाल' असं नाव स्टाइलला देऊ नये. उद्या लालचा निळा झाला की ते नाव खोटं पडतं. 'उपशीर्षक' हे नाव रंग कोणताही असला तरी खरंच राहतं. मजकूर काय आहे ते आधी सांगायचं, तो कसा दिसावा ते वेगळं ठरवायचं, हा विचार संगणकशास्त्रात नीट मांडला गेला तो ब्रायन रीड या अमेरिकी संशोधकाच्या स्क्राइब या प्रणालीत, १९८० मध्ये. आजची वेबपानंही त्याच विचारावर उभी आहेत.

या सात स्टाइल्स एकमेकींपासून सुट्या ठेवायच्या नसतात. इनडिझाइनमध्ये प्रत्येक स्टाइलला 'बेस्ड ऑन' अशी एक जागा असते. तिथे तिची आई कोण ते सांगायचं. 'पुढचे परिच्छेद' ही आई. 'पहिला परिच्छेद' तिच्यावरून घेतलेला, फरक एवढाच की सुरुवातीला आत सरकलेली जागा नाही. 'फोटोओळ'ही तिच्यावरूनच, फक्त आकार लहान. आता समितीने ठरवलं की पुस्तकाचा फॉन्टच बदलायचा, तर तो आईत बदलायचा. लेकींमध्ये आपोआप उतरतो. फोटोओळीचा लहान आकार मात्र तसाच राहतो, कारण तो तिने स्वतःचा म्हणून सांगितलेला आहे. शेजारी 'नेक्स्ट स्टाइल' अशी दुसरी जागा असते. शीर्षकानंतर लेखकाचं नाव, त्यानंतर पहिला परिच्छेद, त्यानंतर पुढचे, असा क्रम एकदा जोडून दिला की टाइप करताना एंटर मारल्यावर पुढची स्टाइल स्वतःहून लागते. आणि सगळी शीर्षकं एकाच स्टाइलची असली की अनुक्रमणिका सॉफ्टवेअर तयार करतं, पानांच्या आकड्यांसकट. मधे एक लेख वाढला तर ती नव्याने ताजी करता येते.

स्टाइलच्या नावापुढे कधीकधी अधिकचं छोटं चिन्ह दिसतं. पेजमेकरमध्ये ते होतं, इनडिझाइनमध्येही आहे. त्याचा अर्थ, या परिच्छेदात कुणीतरी स्टाइलच्या बाहेर जाऊन हाताने काही बदल केला आहे : एक शब्द ठळक केला, ओळ बसवण्यासाठी आकार अर्ध्या पॉइंटने कमी केला. काम घाईचं असलं की अशी अधिकची चिन्हं पानोपानी उगवतात. मग स्टाइल बदलली तरी ते परिच्छेद हलत नाहीत, आणि 'सगळीकडे बदललं, इथेच का नाही?' हा प्रश्न येतो. ऑल्ट दाबून स्टाइलच्या नावावर क्लिक केलं की हाताने केलेले बदल पुसले जातात आणि परिच्छेद मूळ रूपात येतो.

इथे मराठीत एक धोका उभा राहतो, आणि तो समजून घ्यायला आपल्या फॉन्टचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

१९८०-९०च्या दशकांत संगणकाला एका फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे खुणा ठेवता यायच्या, त्याही रोमन लिपीच्या हिशेबाने. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे सुरेख, योगेशसारखे फॉन्ट, आकृती, यांनी त्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा म एका घरात, काना दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. मराठी छपाई त्यामुळे संगणकावर आली. हे मोठंच काम होतं. पण फाइलमध्ये साठवलेलं अक्षर संगणकाच्या लेखी रोमनच राहिलं आणि त्याला मराठी करणारा होता तो फक्त फॉन्ट. शिवाय प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. श्रीलिपीत टाइप केलेल्या मजकुराला दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला की पानभर निरर्थक चिन्हं दिसतात. इंग्रजीत फॉन्ट म्हणजे अंगावरचा कपडा. त्या काळच्या मराठी फाइलीत फॉन्ट हाच मजकुराचा अर्थ होता.

म्हणून अशा फाइलीत ऑल्ट-क्लिक जपून करावं लागतं. मराठी परिच्छेदात मधेच आलेला ईमेलचा पत्ता किंवा कंपनीचं इंग्रजी नाव ऑपरेटरने हाताने इंग्रजी फॉन्टमध्ये टाकलेलं असतं. परिच्छेद मूळ स्टाइलवर आणला की त्या इंग्रजी शब्दालाही मराठी फॉन्ट लागतो आणि त्याच्या जागी देवनागरी तुकड्यांचा ढीग दिसतो. यावर उपाय कॅरेक्टर स्टाइलचा. पॅराग्राफ स्टाइल अख्ख्या परिच्छेदाला लागते, कॅरेक्टर स्टाइल त्यातल्या निवडक अक्षरांना. 'इंग्रजी शब्द' अशी एक कॅरेक्टर स्टाइल करून फक्त फॉन्ट तिच्यात ठेवला, की नुसत्या ऑल्ट-क्लिकने ती पुसली जात नाही. पेजमेकरमध्ये कॅरेक्टर स्टाइल नव्हती, त्यामुळे त्या काळच्या ऑपरेटरला प्रत्येक इंग्रजी शब्द डोळ्यांनी राखावा लागायचा. ज्यांनी तसं राखत पुस्तकंच्या पुस्तकं काढली, त्यांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

युनिकोडने हा गुंता सोडवला. त्यात 'म' हा कुठल्याही फॉन्टमध्ये 'म'च असतो. त्याचा क्रमांक जगभर एक. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेल्या 'मुक्ता'सारख्या मोफत फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही एकत्र मिळतात, तेही सात वेगवेगळ्या जाड्यांमध्ये. पण पेजमेकरला युनिकोड येत नव्हतं, आणि इनडिझाइनमध्ये मराठी अधिकृतपणे आलं ते २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत, इतर नऊ भारतीय भाषांबरोबर.

ते आलं तरी एक खाचखळगा राहिलाच. इनडिझाइनमध्ये ओळी जुळवणारी यंत्रणा, म्हणजे कंपोझर, एकापेक्षा जास्त आहेत. नेहमीचा कंपोझर रोमन लिपीसाठी आहे. देवनागरीला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लागतो. तो निवडलेला नसेल तर काय होतं ते पाहायला मुरबाड-शहापूरची गावं आणि गडच पुरेत. 'किन्हवली' टाइप करा : पहिली वेलांटी 'क'च्या आधी न लागता नंतर जाऊन बसते आणि 'न'चा पाय मोडलेला दिसतो. 'सिद्धगड'मधला द्ध सुटतो. 'मच्छिंद्रगड'ची गत सगळ्यांत वाईट. च्छ तुटतो, वेलांटी भलतीकडे जाते, द्र विस्कटतो, आणि देहरीजवळच्या त्या सुळक्याचं नाव ओळखूसुद्धा येत नाही. टाइप करणाऱ्याची चूक नसते. फाइलमध्ये अक्षरं बरोबर असतात, फक्त ती मांडणारा हात चुकीचा असतो.

कंपोझर निवडणं हा परिच्छेदाचा गुण आहे, म्हणजे तो स्टाइलमध्ये साठवता येतो. हीच गोष्ट भाषेची. इनडिझाइनमध्ये प्रत्येक मजकुराला भाषा सांगावी लागते आणि न सांगितल्यास इंग्रजी धरली जाते. मराठी सांगितली की मराठी शब्दकोश लागतो आणि चुकलेले शब्द खुणावले जातात. आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट घडते. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीत दोन्हींची रूपं वेगळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं प्रमाण ठरवली. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपांची सोय आहे, तिथे भाषा मराठी आहे असं कळलं की 'शहापूर'चा श आणि 'माहुली'चा ल मराठी वळणाचा येतो. भाषा सांगितली नाही तर तोच फॉन्ट हिंदी वळण देऊ शकतो. दहावीपर्यंत पाकळीचा ल गिरवलेल्या वाचकाला त्या पानावर काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

म्हणून मराठी कामाची आईस्टाइल एकदाच नीट करून ठेवण्यात शहाणपण आहे. कंपोझर वर्ल्ड-रेडी. भाषा मराठी. शब्द तोडणारं हायफनेशन बंद, कारण 'ग्रामपंचायतीच्या'सारखा शब्द ओळीच्या टोकाला आडव्या रेघेने तुटला की वाचणारा अडखळतो. ओळींमधलं अंतर सढळ. सॉफ्टवेअर आपणहून आकाराच्या एकशेवीस टक्के अंतर धरतं. रोमनला ते चालतं, पण देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं असा दुमजली संसार असतो. 'मुहूर्त' खालच्या ओळीत आणि 'सिद्धगड' वरच्या ओळीत आला तर द्धचा तळ आणि रफाराचं टोक एकमेकांना टेकायला येतात. बारा पॉइंटच्या मजकुराला सोळा-सतरा पॉइंट दिले तर पान मोकळं होतं. नेमकं किती, ते फॉन्टवर ठरतं. एक पान छापून पाहिलं की कळतं.

तिरक्या अक्षरांचंही असंच. इंग्रजीत पुस्तकांची नावं इटॅलिकमध्ये टाकतात. देवनागरीला तशी वेगळी तिरकी लिपी परंपरेने नाही, आणि बहुतेक मराठी फॉन्टमध्ये ती नसतेच. लेखकाने वर्डमध्ये तिरका केलेला शब्द इनडिझाइनमध्ये आला की फॉन्ट सापडत नाही म्हणून गुलाबी पट्टी दिसते. वर्डमधून मजकूर आणतानाच आयातीचे पर्याय उघडून, वर्डची कुठली स्टाइल आपल्या कुठल्या स्टाइलला लावायची ते सांगता येतं. तिरक्याच्या जागी एकच जाडी वाढवलेली 'ग्रंथनाम' अशी कॅरेक्टर स्टाइल केली तर मराठी डोळ्याला ते सरळ वाटतं.

पत्रिकेकडे परत यावं, तर स्टाइलमध्ये आणखी एक सोय दडलेली आहे. 'हळदी समारंभ :', 'मुहूर्त :', 'स्थळ :' या ओळींत अपूर्णविरामापर्यंतचा भाग ठळक आणि पुढचा साधा हवा असतो. पॅराग्राफ स्टाइलच्या आतच 'नेस्टेड स्टाइल' म्हणून सांगता येतं, की ओळीच्या सुरुवातीपासून अपूर्णविराम येईपर्यंत 'ठळक' ही कॅरेक्टर स्टाइल लाव. मग कितीही ओळी टाका, प्रत्येकीचं शीर्ष आपोआप ठळक होतं. तसंच 'ग्रेप' स्टाइलने सांगता येतं, की शून्य ते नऊपैकी कुठलाही देवनागरी अंक दिसला की त्याला गडद रंग दे. मुहूर्ताची वेळ मग उठून दिसते.

आणि तरीही एखादी ओळ ठळक होत नाही. तासभर शोधूनही कारण सापडत नाही, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. टाइप करणाऱ्याने 'स्थळ'नंतर अपूर्णविरामाऐवजी विसर्ग दिलेला असतो. पडद्यावर दोन्ही म्हणजे दोन टिंबं. संगणकाला मात्र विसर्ग हे 'ळ'ला चिकटलेलं चिन्ह वाटतं, आणि तो ज्याची वाट पाहतोय तो अपूर्णविराम त्या ओळीत येतच नाही. उलटही होतं : 'दुःख' या शब्दात विसर्गाच्या जागी अपूर्णविराम पडला तर शोधताना तो शब्द सापडत नाही. फाइंड-चेंजमध्ये 'ळ आणि विसर्ग' शोधून 'ळ आणि अपूर्णविराम' टाकला की काम मिनिटाचं असतं.

हे सगळं महागड्या सॉफ्टवेअरवरच होतं असंही नाही. लिबरऑफिस रायटर मोफत मिळतं आणि त्यातही स्टाइल्सची पूर्ण यादी आहे. विंडोजवरच्या इनडिझाइनप्रमाणेच तिथेही ती एफ ११ दाबल्यावर उघडते. फक्त तिथे देवनागरीचा फॉन्ट आणि आकार 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट' या वेगळ्या रकान्यात ठरवायचा असतो. वर्डमध्येही देवनागरीसाठी वेगळी नोंद असते. वरच्या, रोमनच्या रकान्यात आकार बदलून मराठी अक्षर तसूभरही न हलल्याने अनेकांनी स्टाइलचा नाद सोडून दिलेला आहे. रकाना बदलला की अक्षर हलतं.

मुरबाडमध्ये वर्षाचं छपाईचं काम ठरलेल्या चक्रात फिरतं. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या १९४३ मधल्या बलिदानाचं स्मरण होतं. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. मग लग्नसराई, शाळांचे निकाल, गणपती, ग्रामपंचायतींचे अहवाल. मजकूर दरवर्षी थोडा बदलतो, प्रकार तेच राहतात. त्यामुळे एकदा नीट स्टाइल्स लावलेली फाइल दुसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त काम आधीच करून ठेवते. नव्या फाइलमध्ये जुन्या फाइलमधल्या स्टाइल्स 'लोड' करून घेता येतात. मोठं काम कल्याणच्या ऑफसेटवर जायचं असेल तर फॉन्ट आत गुंफलेली पीडीएफ द्यायची, म्हणजे तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही.

नव्या फाइलची सुरुवात करताना पानाच्या कोपऱ्यात एक चाचणीची ओळ एकाखाली एक दोनदा टाइप करून आईस्टाइल लावून पाहावी : किन्हवली, मच्छिंद्रगड, सिद्धगड, शहापूर, माहुली, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटे. वेलांट्या जागेवर, जोडाक्षरं सलग, श देठाचा, ल पाकळीचा, रफार वरच्या ओळीला न टेकलेला. एवढं दिसलं की त्या ओळी पुसून टाकायच्या आणि आजीच्या पत्रिकेतली साठ नावं टाइप करायला घ्यायची.